दोन वर्गीय चलांमध्ये संबंध आहे का, हे काय-वर्ग चाचणीने कसे तपासावे

लिंग, जात, धर्म, वैवाहिक स्थिती, नोकरीचा प्रकार ही सामाजिक संशोधनातली नेहमीची चले मोजपट्टीवर मांडता येत नाहीत, त्यांची फक्त वर्गवारी करता येते. अशा चलांची सरासरी काढण्यात अर्थ नसतो. त्यामुळे त्यांपैकी दोन चलांमध्ये काही नाते आहे का, हे पाहण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडलेल्या काय-वर्गाचा (इंग्रजीत chi-square, χ²; ‘काय’ हे ग्रीक अक्षराचे नाव) आधार घेतला जातो. आकडेमोड शाळेतल्या गणिताइतकीच आहे. खरी काळजी लागते ती आकडेमोडीच्या आधी आणि नंतर.

उदाहरणासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांची आकडेवारी घेऊ. प्रवेश देताना स्त्रियांवर अन्याय होतो का, हा त्यामागचा प्रश्न होता आणि बिकेल, हॅमेल व ओ'कॉनेल यांनी १९७५ मध्ये त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. सर्वांत मोठ्या सहा विभागांची एकत्रित सारणी अशी आहे:

| | प्रवेश मिळाला | नाकारला | एकूण |
|---|---|---|---|
| पुरुष | ११९८ | १४९३ | २६९१ |
| स्त्रिया | ५५७ | १२७८ | १८३५ |
| एकूण | १७५५ | २७७१ | ४५२६ |

सारणी मांडल्यावर सर्वप्रथम ओळीनुसार टक्केवारी काढावी. पुरुषांपैकी ४४.५ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी ३०.४ टक्क्यांना प्रवेश मिळाला. हा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकेल का, एवढेच चाचणी तपासते. त्यासाठी शून्य गृहीतक स्पष्ट शब्दांत लिहून ठेवावे: अर्जदाराचे लिंग आणि प्रवेशाचा निर्णय यांचा परस्परांशी संबंध नाही.

हे गृहीतक खरे असते, तर एकंदर प्रवेशाचे ३८.८ टक्के हे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच दिसले असते. म्हणून प्रत्येक चौकटीची अपेक्षित संख्या काढताना त्या ओळीच्या बेरजेला त्या स्तंभाच्या बेरजेने गुणून एकूण संख्येने भागावे. प्रवेश मिळालेल्या पुरुषांची अपेक्षित संख्या २६९१ गुणिले १७५५ भागिले ४५२६, म्हणजे १०४३.४६ येते. उरलेल्या तीन चौकटींत नाकारलेल्या पुरुषांसाठी १६४७.५४, प्रवेश मिळालेल्या स्त्रियांसाठी ७११.५४ आणि नाकारलेल्या स्त्रियांसाठी ११२३.४६ या संख्या येतात. आता प्रत्येक चौकटीत प्रत्यक्ष संख्येतून अपेक्षित संख्या वजा करावी, फरकाचा वर्ग करावा आणि त्याला अपेक्षित संख्येने भागावे. त्याच क्रमाने २२.८९, १४.५०, ३३.५६ आणि २१.२६ ही उत्तरे मिळतात. त्यांची बेरीज ९२.२१ हेच काय-वर्गाचे मूल्य. सर्वांत मोठा वाटा प्रवेश मिळालेल्या स्त्रियांच्या चौकटीचा आहे, हेही येथेच टिपून ठेवावे, कारण मोठ्या सारणीत संबंध नेमका कोठून येतो हे याच वाट्यांवरून कळते.

मूल्य मोठे की लहान, हे स्वातंत्र्य मात्रेवर, म्हणजे बेरजा ठरल्यावर मोकळेपणी भरता येणाऱ्या चौकटींच्या संख्येवर ठरते. ओळींच्या संख्येतून एक वजा, स्तंभांच्या संख्येतून एक वजा आणि त्या दोहोंचा गुणाकार, असे तिचे सूत्र आहे. येथे ती १ आहे. खुद्द पिअर्सन अशा चार चौकटींच्या सारणीसाठी ३ ही मात्रा धरत आणि संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये ती चूक दाखवून दिली. फिशर यांचे म्हणणे आपल्या उदाहरणातही पडताळता येते: चारही चौकटींतला फरक, अधिक-उणे चिन्ह सोडले तर, १५४.५४ इतकाच आहे. बेरजा ठरलेल्या असल्या की एक चौकट भरताच बाकीच्या तीन आपोआप भरतात. एका मात्रेसाठी ५ टक्के सार्थकता स्तरावरचे सीमामूल्य, म्हणजे संबंध नसताना केवळ योगायोगाने ५ टक्के वेळाच ओलांडले जाणारे मूल्य, ३.८४ असते. आपले मूल्य त्याच्या कितीतरी पुढे असल्याने शून्य गृहीतक नाकारावे लागते. संगणक येथे पी-मूल्य देतो. संबंध मुळीच नसताना इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, एवढाच त्याचा अर्थ आहे. शून्य गृहीतक खरे असण्याची शक्यता असा तो प्रबंधांत वारंवार लावला जातो, तो चुकीचा आहे.

चाचणी लावण्यापूर्वी काही अटी पाहाव्या लागतात. सारणीत टक्केवारी न भरता व्यक्तींची मोजलेली संख्याच भरावी. वरच्या सारणीत टक्केवारी भरून तीच रीत वापरली, तर काय-वर्ग ९२ वरून जेमतेम ४.३ वर येतो, कारण ४५२६ अर्जांचा पुरावा केवळ २०० अर्जांचा असल्यासारखा मोजला जातो. प्रत्येक व्यक्ती एकाच चौकटीत यायला हवी; ‘लागू असतील तेवढ्या पर्यायांवर खूण करा’ अशा प्रश्नाची सारणी म्हणूनच या चाचणीला चालत नाही. शिवाय अपेक्षित संख्या सहसा ५ पेक्षा कमी नसावी. एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये क्रॉसटॅब्स ही सारणीची आज्ञा वापरल्यास अशा चौकटी किती आहेत हे सारणीखालच्या टिपेत दिसते. त्या जास्त असल्यास अर्थाला धरून वर्ग एकत्र करावेत किंवा दोन बाय दोनच्या सारणीसाठी लहान संख्यांनाही चालणारी फिशरची अचूक चाचणी घ्यावी.

काय-वर्गाचे मूल्य मोठे म्हणून संबंध घट्ट, असे मात्र समजू नये. नमुना दुप्पट केला आणि प्रमाणे तीच ठेवली, तरी ते दुप्पट होते. संबंधाची तीव्रता सांगण्यासाठी काय-वर्गाला एकूण संख्येने भागून वर्गमूळ काढावे; येथे हा फाय गुणांक ०.१४ येतो, म्हणजे संबंध निश्चित आहे, पण सौम्य आहे. मोठ्या सारणीसाठी क्रॅमरचा व्ही हा तसाच तीव्रता मोजणारा गुणांक वापरावा.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच बहुतेक अहवालांत गाळलेला असतो: तिसरे चल आणून सारणी फोडून पाहणे. बर्कलीची सारणी विभागवार फोडली की ‘अ’ विभागात ८२५ पुरुषांपैकी ५१२ आणि १०८ स्त्रियांपैकी ८९ जणींना प्रवेश मिळालेला दिसतो, म्हणजे अनुक्रमे ६२ आणि ८२ टक्के. तेथे काय-वर्ग १७.२५ आहे, पण संबंधाची दिशा उलटी, स्त्रियांच्या बाजूची आहे. उरलेल्या पाचही विभागांत तो सीमामूल्याच्या खूप खाली आहे. ‘अ’ आणि ‘ब’ या दोन विभागांत मिळून ६४ टक्के अर्जदारांना प्रवेश मिळत होता. पुरुषांचे निम्म्याहून अधिक अर्ज याच दोन विभागांत होते, तर स्त्रियांचे फक्त ७ टक्के. बहुसंख्य स्त्रियांनी प्रवेश कठीण असलेल्या विभागांत अर्ज केले होते. एकत्रित सारणीत दिसणारा संबंध गटवार फोडल्यावर असा नाहीसा होतो किंवा उलटतो, त्याला आकडेशास्त्रात सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. अन्याय झालाच नाही, असे यावरून सिद्ध होत नाही, कारण स्त्रिया त्या विभागांकडे का वळल्या हा प्रश्न शिल्लक राहतो. पण तो प्रवेश समितीच्या आधीच्या टप्प्यांवरचा, शालेय शिक्षणाचा आणि सामाजिक अपेक्षांचा आहे.

एसपीएसएसमध्ये हे तिसरे चल ‘लेअर’च्या चौकटीत टाकावे. सारणी फोडली की प्रत्येक थरातली संख्या घटते, हे लक्षात ठेवून अपेक्षित संख्या पुन्हा तपासाव्यात. ‘ब’ विभागात स्त्रियांचे अर्ज अवघे २५ होते. नाकारलेल्या स्त्रियांची अपेक्षित संख्या ९.१९ येते, म्हणून तेथे चाचणी चालते. चारपाचशे जणांच्या सर्वेक्षणात मात्र एवढे थर पाडण्यास क्वचितच वाव राहतो, म्हणून कोणते तिसरे चल तपासायचे हे नमुन्याचा आकार ठरवतानाच पक्के करावे.