गोदावरीच्या विसर्गाचा अंदाज पायथनमधून

नांदेडजवळ गोदावरीचा पुढचा विसर्ग पाहायचा असेल तर ओपन-मेटिओ या हवामान-माहिती सेवेची फ्लड एपीआय (प्रोग्रामला थेट आकडे पुरवणारी सोय) वापरा. बिगर-व्यावसायिक वापराला एपीआय-की (नोंदणीचा गुप्त संकेत) लागत नाही. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीतून अक्षांश 19.15, रेखांश 77.31 आणि ‘डेली’मध्ये रिव्हर डिस्चार्ज (river_discharge) पाठवा, उत्तर जेसन या डेटा-स्वरूपात मिळतं. खरी मेख पुढे आहे. या एपीआयमागे असलेल्या ग्लोफास या जागतिक पूर-अंदाज मॉडेलची जाळी सुमारे 5 किलोमीटरच्या चौकोनांची, त्यामुळे कधी नदीऐवजी शेजारच्या ओढ्याचा चौकोन हाती येतो. भर पावसाळ्यात आकडा किरकोळ दिसला की अक्षांश-रेखांश 0.1 अंशाने सरकवून पुन्हा मागवा. उत्तर घनमीटर प्रतिसेकंदात येतं. आपल्याकडच्या बातम्या क्युसेकमध्ये (घनफूट प्रतिसेकंद), म्हणून 35.3 ने गुणा. मात्र जायकवाडीचे दरवाजे कधी उघडतील हे यातून कळत नाही. नदीकाठच्या गावांनी पाटबंधारे खात्याचा इशाराच प्रमाण मानावा.