दादाच्या गुडघ्याचा हिशोब

कात्रजला कारने उडवलं तेव्हा दादा 38 वर्षांचा. टेम्पो चालवून महिना 20,000 मिळवायचा. प्रमाणपत्रावर अपंगत्व 20 टक्के, म्हणून विमा कंपनीने 7,20,000 देऊ केले. मला पटेना. डावा गुडघा वळतच नाही, क्लच दाबणार कसा? आता बसून पार्सलं मोजतो, 12,000 वर.

वकीलताई म्हणाल्या, डॉक्टरांचा टक्का वेगळा, बुडालेल्या कमाईचा वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या राजकुमार निकालात हेच सांगितलंय. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात वहीत मांडलं: 20,000 वर भविष्यातली वाढ 40 टक्के, झाले 28,000, गुणिले 12, गुणिले वयाचा गुणक 15, त्याचे 40 टक्के, कारण 20,000 चे 12,000 झाले म्हणजे कमाई 40 टक्के बुडाली. 20,16,000! दवाखान्याची बिलं, वेदनेचे पैसे निराळे.

टेम्पोमालकाची साक्ष झाली आणि कंपनी 19 लाखांवर आली. दादाने सही केली.