सिगारेट ओढणारे, न ओढणारे आणि एकच जिना

कोथरूडात आमची चार मजली, लिफ्ट नसलेली जुनी सोसायटी आहे. तिचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडून बरीच वर्षं झाली. पाणी, पार्किंग आणि कुत्री यांच्या खालोखाल माझ्याकडे तक्रारी येतात त्या सिगारेटच्या धुराच्या. मी स्वतः कधी ओढली नाही. वडील विडी ओढायचे, धाकटे दीर सिगारेट ओढतात, भाचीही ओढते (मला ठाऊक नाही अशी तिची समजूत आहे). दोन्हीकडचं ऐकून घेता घेता काय कामी येतं आणि कशाने भांडण पेटतं याचा अंदाज आला, तो इथे लिहिते. ओढावी की नाही, हा विषयच घेत नाही. त्याचं उत्तर पाकिटाच्या दोन्ही बाजूंना 85 टक्के जागेत चित्रासकट छापलेलं असतं. ओढणारा ते चित्र दिवसातून कितीदा तरी पाहतो, तुम्ही-मी त्याला वेगळं काय सांगणार?

म्हणून पहिला नियम हाच: बोलायचं ते धुराबद्दल. माणसाच्या अकलेबद्दल, संस्कारांबद्दल, त्याच्या बायकोच्या नशिबाबद्दल काही बोलायचं नाही.

तक्रार करायची असेल तर

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहू नका. "काही सभासद" असं लिहिलंत तरी ते काही सभासद कोण हे सगळ्यांना कळतं, आणि चारचौघांत पाणउतारा झाला की तो माणूस मुद्दाम त्याच बाल्कनीत उभा राहतो. दार वाजवा. त्याच्या हातात सिगारेट असताना नको, त्याच्या आईवडिलांसमोर किंवा मुलांसमोर तर नकोच. कितीतरी घरांत मुलगा चाळिशीचा झाला तरी वडिलांना "माहीत नसतं". ते तुमच्या तोंडून माहीत व्हायला नको.

बोलताना धूर कुठून येतो, केव्हा येतो आणि त्रास कोणाला होतो, एवढंच सांगायचं. उदाहरणार्थ: "दादा, रात्री साडेदहाच्या सुमाराला तुमच्या मागच्या बाल्कनीतला धूर आमच्या बेडरूममध्ये येतो. सासूबाईंना दमा आहे. तेवढ्यापुरते पुढच्या बाजूला उभे राहाल का?" यात त्याला करता येण्याजोगं काहीतरी आहे. "बंद करा हो हे" म्हटलं की करता येण्याजोगं काही उरत नाही, मग तो कायदा काढतो, तुम्हीही कायदा काढता आणि प्रकरण माझ्या टेबलावर येतं.

खोटं खोकू नका. ओढणाऱ्याला खरा खोकला चांगला ओळखता येतो, तो त्याच्या घरचाच असतो. नाकाला ओढणी लावून जिना चढणं, खिडकी आपटणं हेही नको. आणि "तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने…" हे वाक्य तर कधीच नको. या वाक्यानंतर मिटलेली एकही तक्रार मला आठवत नाही.

तक्रार तुमच्याविरुद्ध आली असेल तर

"माझ्या घरात मी काहीही करीन" हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने चुकीचं नाही. 2003 चा तंबाखू कायदा सार्वजनिक जागी ओढायला मनाई करतो, तुमच्या दिवाणखान्याबद्दल तो बोलत नाही. पण धूर गरम असतो, तो वर जातो, आणि तुमच्या डोक्यावर जोशीकाकू राहतात. आमच्यासारख्या जुन्या इमारतींत सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. तुम्ही सभ्यपणे बाथरूमचं दार लावून, एक्झॉस्ट फॅन लावून ओढता, घरच्यांना वास येत नाही म्हणून खूश असता, आणि तो सगळा धूर वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी आंघोळीत पोचतो. डक्टकडे तोंड करून ओढणं सगळ्यात वाईट. रस्त्याच्या बाजूची, समोरासमोर दोन्हीकडून वारा खेळणारी बाल्कनी त्यातल्या त्यात बरी.

आणखी एक गोष्ट ओढणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. तुम्ही झुरका घेता तेव्हा टोक चांगलं तापतं. दोन झुरक्यांच्या मध्ये सिगारेट नुसती धुमसत असते, तेव्हा ती कमी तापमानाला जळते आणि त्या धुरात विषारी द्रव्यं जास्त असतात. आजूबाजूच्यांच्या नाकात जाणारा बहुतेक धूर हाच, तुम्ही तोंडातून सोडलेला नाही. म्हणजे बोलण्याच्या नादात हातात धरलेली किंवा अॅशट्रेवर टेकवून ठेवलेली सिगारेटच शेजारच्याला जास्त छळते. तोंड फिरवून धूर सोडलात, उत्तम, पण हात कुठे आहे तेही पाहा. बोलायचं असेल तर विझवून बोला.

राख खाली झटकू नका. खाली दोरीवर कुणाचा तरी पांढरा शर्ट असतो. गच्चीवर जात असाल तर एप्रिल-मेमध्ये आधी पाहून घ्या, कुरडया आणि पापड वाळत असतील तर त्या दिवसांपुरती गच्ची बायकांची. थोटूक कुंडीत खुपसणं हा तर आमच्याकडचा सर्वांत गाजलेला गुन्हा. एकदा ते तुळशीच्या कुंडीत सापडलं आणि दिवाळीचा फराळ दोन घरांत एकमेकांकडे गेला नाही. थोटकाचा फिल्टर कागदासारखा किंवा कापसासारखा दिसतो, पण ते सेल्युलोज अॅसिटेट, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक आहे. मातीत ते सहजासहजी कुजत नाही, पावसात वाहून गटाराच्या जाळीवर अडकतं.

आम्ही शेवटी मागच्या गेटजवळ, मीटरच्या खोलीच्या पलीकडे पत्र्याखाली वाळू भरलेला तेलाचा डबा ठेवला. वर छप्पर हवंच, नाहीतर जुलैत त्या डब्याचं जे पाणी होतं त्याच्या वासापुढे धूर परवडला. डबा रिकामा करायचं काम ओढणाऱ्यांनी आपसांत वाटून घ्यायचं, सफाईच्या मावशींवर टाकायचं नाही. पाटी लावायची का यावर मीटिंगमध्ये बराच खल झाला. पुण्यात पाटी लिहायला बसलं की लेखणीला धार चढते, तेव्हा जरा आवरा. आमच्या पाटीवर "थोटकं या डब्यात टाकावीत" एवढंच आहे. टोमणा सुचवणारे बरेच होते.

मुलगी ओढते तेव्हा

याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण खरा दुटप्पीपणा इथे दिसतो.

तिसऱ्या मजल्यावरचे एक काका पंचवीस-तीस वर्षं बाल्कनीत ओढतात. त्यांच्याबद्दल येणारी तक्रार अशी असते: "काकांना सांगा हो, धूर येतो." समोरच्या इमारतीत हिंजवडीला नोकरी करणाऱ्या तीन मुली भाड्याने राहायला आल्या. त्यांतली एक रात्री बाल्कनीत ओढते. तिच्याबद्दल तिथल्या सेक्रेटरीकडे जी तक्रार गेली तिच्यात धूर हा शब्दच नव्हता. आईवडिलांना कळवा, घरमालकाला कळवा, आमच्या मुलांवर काय परिणाम होईल, हेच सगळं. त्या बाल्कनीपासून तक्रारदाराच्या खिडकीपर्यंत धूर पोचतही नसावा, मध्ये आख्खा रस्ता आहे.

तुमच्या डोक्यात अशी तक्रार आकार घेत असेल तर एक चाचणी करा. मुलीच्या जागी काकांना उभं करा आणि तेच वाक्य म्हणून बघा. "काकांच्या आईवडिलांना कळवा" असं म्हणताना हसू आलं तर तक्रार धुराची नाही. ती मागे घ्या. धुराचीच असेल तर काकांना सांगता त्याच शब्दांत तिला सांगा, "ताई" म्हणून सांगा, आणि दार वाजवताना नवऱ्याला पुढे न घालता स्वतः जा.

टपरीवरही हेच. मुलगी सिगारेट मागते तेव्हा आजूबाजूचे गप्प होऊन बघतात. बघू नका. मुलींना सांगण्यासारखं मला एवढंच दिसतं, की लोक बघतात म्हणून जिन्याच्या वळणावर किंवा बाथरूममध्ये लपून ओढू नका. लपण्यासाठी निवडलेल्या जागा नेमक्या हवा न खेळणाऱ्या असतात आणि शेजाऱ्यांना आयतंच कारण मिळतं. त्यापेक्षा उघडी बाल्कनी बरी.

टपरीवर, ऑफिसात

टपरीवर चहाला गेलेल्या न ओढणाऱ्याने वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहावं. मंडळी आपोआप गोल करून उभी राहतात, तो गोल जरासा फिरवून घेतला की काम होतं, कुणाला सांगावंही लागत नाही. तिथे येऊन नाक मुरडू नये, ती त्यांचीही जागा आहे. ओढणाऱ्यांनी मात्र ऑफिसचं काम सुट्ट्यावर, म्हणजे सिगारेट ओढता ओढता, ठरवू नये. माझी पुतणी म्हणते, त्यांच्या टीममध्ये कोणाला कुठला प्रोजेक्ट हे मीटिंगच्या आधी खाली टपरीवरच ठरतं आणि न ओढणारे वर आल्यावर नुसत्या माना डोलावतात. ती आता चहाचा कागदी कप घेऊन त्या घोळक्यात उभी राहते. तिला असं का करावं लागावं? वर येऊन परत बोला ना.

"एक कश घे रे, काही होत नाही" हे न ओढणाऱ्याला, आणि त्याहून जास्त नुकत्याच सोडलेल्याला, म्हणू नये. सुटी सिगारेट विकायला राज्यात 2020 पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे पुणेकराला सांगायला नको, पण सुटी मिळते म्हणून आग्रह करणं सोपं होतं, हे खरं.

घरी पाहुणे येतात तेव्हा

आमच्याकडे यावर फार जुनी आणि उत्तम सोय आहे, तिचं नाव शतपावली. जेवण झालं, जावईबापू म्हणाले "जरा शतपावली करून येतो", की सासऱ्यांनी "मीही येतो" म्हणायचं नाही. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. परत आल्यावर बडीशेपेची वाटी पुढे करायची, एवढंच. याला कुणी ढोंग म्हणेल. मला यात मोठ्यांचा मान आणि धाकट्यांची अडचण दोन्ही सांभाळणारी समज दिसते.

घरात ओढू द्यायची नसेल तर अॅशट्रे ठेवूच नका. शोभेची, कुणी परदेशातून आणलेली असली तरी कपाटात टाका. ती टीपॉयवर दिसली की पाहुण्याला परवानगी मिळते.

बारशाला किंवा घरात तान्हं बाळ असेल तर "सिगारेट ओढून आलात, बाळाला घेऊ नका" असं म्हणायची वेळ येऊ देऊ नका. दाराशी साबण आणि टॉवेल ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येकालाच म्हणा, "हात धुवा, मग बाळ घ्या." माझे दीर हे ऐकून हात तर धुतातच, वर सोबत आणलेला दुसरा शर्टही घालतात. धुराचा अंश कपड्यांना आणि केसांना धरून राहतो, हे त्यांना कुणी वेगळं सांगितलेलं नाही.

गाडीत मूल असेल तर काच खाली करूनही ओढू नये. यात सवलत नाही.

बाहेर

2 ऑक्टोबर 2008 पासूनच्या नियमांनुसार हॉटेल, ऑफिस, थिएटर, स्टेशन, बसस्टॉप या सगळ्या ठिकाणी मनाई आहे, दंड 200 रुपयांपर्यंत. तीस किंवा जास्त लोक बसू शकतील अशा हॉटेलला ओढणाऱ्यांसाठी वेगळी जागा ठेवता येते. तेव्हा आधी वेटरला विचारा, शेजारच्या टेबलाशी वाद घालू नका. रिक्षावाल्याने विडी पेटवली तर "दादा, मला धुराचा त्रास होतो, विझवता का?" एवढं पुरतं. "बंदी आहे" हे दुसरं वाक्य, पहिलं चाललं नाही तरच काढायचं. रेल्वेच्या 1989 च्या कायद्यात तर डब्यातल्या कुणा सहप्रवाशाने हरकत घेतली तर ओढता येणार नाही असंच लिहिलेलं आहे, म्हणजे नुसतं "मला चालणार नाही" म्हणण्यालाही कायद्याचं वजन आहे.

टेकडीवर, मग ती वेताळ असो की हनुमान, फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत ओढूच नका. गवत वाळलेलं असतं.

कुणी सोडत असेल तर

दारोदार बातमी करू नका आणि रोज "सुटली का?" विचारू नका. तो चिडचिड करील, ती अंगावर घेऊ नका. त्याच्या खिशात लवंग-बडीशेप असू द्या. मदत मागितली तर पाकिटावरच छापलेला 1800-11-2356 हा सरकारी फोन क्रमांक दाखवा. मागितली नसेल तर दाखवू नका. आणि महिन्याभराने तो मागच्या गेटपाशी डब्याजवळ दिसला तर त्या वेळी "नमस्कार" म्हणून पुढे जा, पाण्याच्या टाकीचं काही बोलायचं राहिलं असेल तर ते बोला.