जाम झालेला ब्रेक ड्रम घरच्या हत्यारांनी कसा काढावा

जुन्या गाडीचा मागचा ब्रेक ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ओतीव लोखंडाचा डबा, निघत नाही असे दिसले की पहिला हात हातोडीकडे जातो. तो आवरावा, कारण ड्रम कशाने अडला आहे हे न कळता दिलेला प्रत्येक घाव बेअरिंग, स्टड (चाकाचे नट ज्यांवर बसतात ते आटेदार दांडे) किंवा ओतीव लोखंडाची कड यांपैकी कशावर तरी पडतो, आणि या तिन्ही गोष्टी घावाने सुटत नाहीत, बिघडतात. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी एक मारुती ८०० जूनपासून गणपतीपर्यंत अंगणात उभी होती आणि तिचा हँडब्रेक मीच ओढून ठेवला होता. तिचे मागचे ड्रम काढताना जे शिकायला मिळाले, त्यावरून पुढील मजकूर लिहिला आहे.

प्रथम सुरक्षितता. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्यावी आणि चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. हँडब्रेक सोडावा लागणार असल्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. जॅक हे केवळ गाडी उचलण्याचे साधन आहे. उचललेली गाडी लोखंडी स्टँडवर टेकवल्याखेरीज तिच्याखाली हात किंवा डोके घालू नये. विटांवर किंवा दगडांवर गाडी टेकवणे अजिबात योग्य नाही, कारण वीट इशारा न देता फुटते. जुन्या लायनिंगमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तरात, ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून आतली भुकटी फुंकून किंवा हवेच्या झोताने कधीही उडवू नये. मास्क लावावा, पाण्याने ओले केलेल्या फडक्याने भुकटी टिपावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे.

आता निदान. चाक काढल्यावर ड्रम हाताने फिरवून पाहावा. ड्रम मोकळा फिरतो पण तसूभरही बाहेर येत नाही, तर तो मधोमध हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या गोल भागाला) गंजाने चिकटला आहे. तो दोन-तीन मिलिमीटर बाहेर येऊन अडतो, तर आतील शू (लायनिंग बसवलेले अर्धगोल लोखंडी तुकडे) त्याला धरून आहेत. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने ड्रमच्या आत खोलगट पट्टा पडतो, कडेला न झिजलेला काठ उरतो आणि ड्रम ओढला की तो काठ शूवर अडकतो. ड्रम फिरतच नसेल, तर लायनिंग ड्रमला चिकटले आहे किंवा हँडब्रेकची केबल तिच्या आवरणात गंजून ओढलेल्या स्थितीतच राहिली आहे. या तीन अवस्थांचे उपाय वेगवेगळे आहेत.

गाडीचा प्रकारही पाहावा लागतो. काही गाड्यांत हब वेगळा असतो आणि ड्रम त्यावर केवळ टोपीसारखा बसतो. अँबेसेडरमध्ये तो शिवाय दोन चपट्या डोक्याच्या स्क्रूंनी धरलेला असतो. मारुती ८०० च्या मागच्या ड्रममध्ये मात्र बेअरिंग ड्रमच्याच पोटात असते. तिथे मधली टोपी काढून, स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली दुहेरी तारेची पिन) सरळ करून काढून किंवा नटाची आत ठोकलेली कड उचलून, मोठा नट सोडल्याशिवाय ड्रम निघण्याचा प्रश्नच नाही. हे ठाऊक नसल्याने ड्रमवर तासभर हातोडी चालवलेली मी पाहिली आहे.

हब वेगळा असलेल्या ड्रमच्या तोंडावर बहुधा आटे पाडलेली दोन रिकामी भोके दिसतात. ती ड्रम काढण्यासाठीच ठेवलेली असतात. जपानी बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत त्यांत ८ मिलिमीटरचा, सव्वा मिलिमीटर पिचचा (आट्यांमधील अंतराचा) बोल्ट बसतो. आधी हब आणि ड्रम जिथे भेटतात त्या गोल फटीवर तारेचा ब्रश फिरवावा आणि गंज सोडवणारे तेल थेंबाथेंबाने सोडून रात्रभर मुरू द्यावे. तेल शू किंवा लायनिंगपर्यंत ओघळू देऊ नये. खनिज तेलाने व्हील सिलिंडरची (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या नळकांड्याची) रबरे फुगतात, आणि तेल प्यालेले लायनिंग धुऊन पूर्वपदाला येत नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही बोल्ट हाताने लावून आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळावेत. एकच बोल्ट आवळत गेल्यास ड्रम तिरका होऊन अधिकच रुततो. बोल्टवर ताण आला की थांबावे आणि दोन स्टडच्या मधल्या सपाट भागावर, लाकडाचा तुकडा मध्ये धरून, मध्यम वजनाच्या हातोडीने फिरत-फिरत ठोके द्यावेत. ड्रमच्या बाहेरच्या कडेवर ठोकू नये. ओतीव लोखंड वाकत नाही, त्याचा टवका उडतो. जाम ड्रमचा आवाज बोथट येतो. गंज तुटला की तोच आवाज खणखणीत होतो आणि हबच्या कडेने तपकिरी भुकटीची बारीक रेघ खाली सांडते. ती दिसली की हातोडी खाली ठेवावी. पुढचे काम बोल्टच करतात.

बेअरिंग पोटात असलेल्या ड्रमवर हा मार्ग वापरू नये. नट काढून झाल्यावर चाक पुन्हा ड्रमवर चढवावे, त्याचे नट हाताने घट्ट लावावेत आणि टायर दोन्ही बाजूंनी धरून सरळ आपल्याकडे छोटे झटके द्यावेत. चाकाच्या वजनाचा धक्का बेअरिंगला सरळ रेषेत बाहेर आणतो. अर्थात हे करताना गाडी स्टँडवर पक्की हवी.

शू अडवत असतील तर हातोडीचा काहीच उपयोग नाही, शू आत घेणे हाच उपाय. हँडब्रेकच्या केबलचा नट सैल करावा. शू ज्यावर बसवलेले असतात त्या पत्र्याच्या चकतीच्या, म्हणजे बॅक प्लेटच्या, मागे रबरी बूच असते. ते काढून आत टॉर्चने पाहावे. दातेरी चाक दिसल्यास ते स्क्रूड्रायव्हरने फिरवून शू आत घ्यावेत. ते एका दिशेने अडत असेल, तर त्याला अडवणारी पट्टी दुसऱ्या बारीक स्क्रूड्रायव्हरने उचलून धरावी लागते. यानेही जमले नाही, तर शू धरणाऱ्या खिळ्यांची डोकी बॅक प्लेटच्या मागून छिन्नीने उडवता येतात; मग शू ड्रमबरोबरच बाहेर येतात. खिळे आणि स्प्रिंगा नव्या आणाव्या लागतात, पण त्या स्वस्त आहेत.

लायनिंग चिकटले असेल, तर चाक परत लावून, उचललेली गाडी उतरवून, ठोकळे काढून, ती हळूच पुढे-मागे हलवून पाहावी. जोर केल्यास लायनिंग शूवरून उखडते. ती हलली नाही, तर पुन्हा उचलून ड्रमच्या गोलाईवर लाकडी हातोडीने सर्व बाजूंनी हलके ठोके द्यावेत.

गॅसच्या ज्योतीने ड्रम तापवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. घरी तो पाळू नये. तेल पेट घेते, रबरे व बेअरिंगमधील ग्रीस जळते आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेला भाग तापल्यास फॉस्जिनसारखा विषारी वायू तयार होतो.

ड्रम निघाल्यावर व्हील सिलिंडरही उघडायचा असेल, तर सर्वांत नाजूक काम त्याच्या निपलचे, म्हणजे ब्रेक ऑइलमधील हवा काढण्याच्या छोट्या स्क्रूचे, आहे. तो आतून पोकळ असल्याने थोड्या जादा जोराने मुळातून तुटतो. उघड्या तोंडाचा पाना त्यावर लावू नये. सहा बाजूंचा सॉकेट पूर्ण बसवावा. पोकळीत घट्ट बसणाऱ्या मापाच्या ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा घातल्यास निपल चेपत नाही. डोक्यावर दोन-चार हलके ठोके देऊन, आधी केसभर आवळून मग सोडावा, आणि हलला की पुढे-मागे करत बाहेर काढावा. ब्रेक ऑइल आणणाऱ्या लोखंडी नळीचा नट सोडताना नळीवर डोळा ठेवावा. नटाबरोबर नळीही पिळली जात असेल तर तिथेच थांबून तेल मुरू द्यावे, अन्यथा नळी बदलावी लागेल.

दोन्ही बाजूंचे शू एकदम उघडू नयेत. स्प्रिंगांची मांडणी पाहण्यासाठी दुसरी बाजू शाबूत लागते. ड्रमवर त्याचा आतील कमाल व्यास बहुधा ओतलेला असतो. मोजमाप त्याच्या पुढे गेले असेल, तर ड्रम कितीही सुखरूप निघालेला असो, तो परत लावू नये. स्प्लिट पिन नेहमी नवी घालावी. गाडी सुरू करण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत दाबावे, टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी पाहावी आणि पहिली चाचणी मोकळ्या जागी, चालण्याच्या वेगाने घ्यावी.

हब वेगळा असेल तर ड्रम परत बसवताना हबची गोल कड पोलिश पेपरने साफ करून तिच्यावर उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. गाडी पुढे पावसाळ्यात उभी ठेवायची असेल, तर हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत.