चेंबर उघडायच्या आधी ड्यू पॉइंट वाचा

गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत व्हॅक्यूमचं काम म्हणजे पंप चालवणं, असा नव्या लोकांचा समज असतो. पंप आपापले चालतात. खरी कसोटी लागते ती आतल्या आरशापर्यंत पोचण्यासाठी चेंबरमध्ये हवा सोडावी लागते तेव्हा. मी अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या व्हॅक्यूमवर काम करते. माहेर परभणीचं. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला लायगो-इंडिया होणार. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले, तेव्हापासून तिकडची इंजिनिअर पोरं-पोरी मला विचारत असतात, "ताई, चेंबर उघडताना नेमकं काय काय बघायचं?" हे लिखाण त्यांच्यासाठी. मोठा आरसा, म्हणजे टेस्ट मास, साफ करायचा आहे असं धरून चालू.

आधी आपण काय जपतोय ते लक्षात घ्या. वेधशाळेला दोन भुजा असतात, त्यांतून लेझरचा प्रकाश टोकाच्या आरशांपर्यंत जातो-येतो. प्रत्येक भुजा ४ किलोमीटरची. नळी स्टेनलेस स्टीलची, १.२ मीटर व्यासाची, आणि पत्रा जेमतेम ३ मिलिमीटर जाड. सगळं मिळून सुमारे १०,००० घनमीटर जागा, आणि आतला दाब टॉरच्या (टॉर हे दाबाचं एकक) अब्जाव्या भागाच्या आसपास. बाहेर आपण ७६० टॉरमध्ये वावरतो. नळी बसवल्यावर तिला १५० ते १७० अंशांपर्यंत तापवून महिनाभर तशीच ठेवली होती, पत्र्यातलं पाणी निघून जावं म्हणून. ते पुन्हा करायची कुणाचीही तयारी नसते. म्हणून पहिला नियम असा, की नळीला हवा लागू द्यायची नाही. आपण उघडतो तो चेंबर, म्हणजे आरसा ठेवलेली टाकी, आणि ती मोठ्या गेट व्हॉल्व्हने, म्हणजे मध्ये सरकणाऱ्या झडपेने, नळीपासून तोडलेली असते. व्हॉल्व्ह बंद झाला हे पडद्यावर बघून खात्री धरू नका. जागेवर जाऊन दांड्याची स्थिती बघा, मग दोन्ही बाजूंचे गेज वाचा.

दुसरी जपायची वस्तू म्हणजे आरसा. ४० किलोचा फ्यूज्ड सिलिकाचा गोल ठोकळा, ३४ सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर जाड. तो सिलिकाच्याच चार धाग्यांवर टांगलेला असतो आणि प्रत्येक धागा ०.४ मिलिमीटरचा. वजन हे धागे आरामात पेलतात, पण त्यांना स्पर्श सहन होत नाही.

हवा सोडताना

लेझर बंद आणि तो चुकून चालू होऊ न देणारा इंटरलॉक लावलेला, हे सांगायला नको. पण उच्च दाबाची वीज विसरली जाते. आयन पंप, दाब मोजणारे कोल्ड कॅथोड गेज, आणि आरशाला ढकलणाऱ्या इलेक्ट्रोडचा पुरवठा, तिन्ही बंद हवेत. पूर्ण निर्वातात वीज उडी मारत नाही, वातावरणाच्या दाबाला सहसा मारत नाही. मधल्या काही टॉरच्या पट्ट्यात मात्र हमखास मारते. हवा सोडताना आपण नेमके त्याच पट्ट्यातून जातो.

आत सोडायची ती खोलीतली हवा नव्हे. कंप्रेसर, ड्रायर आणि फिल्टर यांतून आलेली कोरडी पर्ज हवा. तिचा ड्यू पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ गोठू-साचू लागते ते तापमान, उणे ४० अंश किंवा त्याहून खाली असावा. तो जितका खाली, तितकी हवा कोरडी. मीटर ड्रायरपाशी वाचू नका, चेंबरला जोडायच्या होजच्या टोकाशी वाचा. होज आठवडाभर भिंतीला टांगलेला असेल तर त्याच्या आतल्या पृष्ठभागावर पाणी बसलेलं असतं. हवा बराच वेळ बाहेर सोडत राहा. आकडा आधी भराभर उतरतो, मग रेंगाळतो. रेंगाळून स्थिर झाला की होज जोडा.

याच एका आकड्यावर मी इतकी का अडून बसते? चेंबर बंद केल्यावर पुढचे कित्येक दिवस तुम्ही ज्याच्याशी झगडणार, ते म्हणजे पाणी. नायट्रोजन, ऑक्सिजन पंपाने निघून जातात. पाण्याचे रेणू पोलादाला चिकटतात आणि सवडीने सुटतात. हॅनफर्डला आम्ही वाळवंटात आहोत, बाहेरची हवा मुळातच कोरडी. इथे काटेरी झुडपं वाऱ्याने गडगडत येऊन नळीच्या काँक्रीटच्या आवरणाला ढिगाने अडतात, ती उचलणं हेच एक काम होऊन बसतं. लुइझियानात लिव्हिंगस्टनची वेधशाळा मात्र दमट पाइनच्या जंगलात आहे. औंढ्याला जुलै-ऑगस्टात काय असतं ते तुम्हाला मी काय सांगू! माझं मत विचाराल तर, निवड हातात असेल तेव्हा मोठं काम पावसाळ्यात काढूच नका.

हवा हळू सोडा. घाई केली की चेंबरच्या तळाशी पडून राहिलेले कण उडतात आणि वर जाऊन बसतात. कण आरशावर बसला तर साफ करता येतो, धाग्यावर आदळला तर तेवढ्यावर भागत नाही. इटलीत पिसाजवळ कॅशिना इथे व्हर्गो हा लायगोसारखाच डिटेक्टर आहे. तिथे सिलिकाचे धागे एकामागून एक तुटत गेले. आधी संशय धाग्यांवर, त्यांच्या जोडणीवर. शेवटी कारण निघालं ते निर्वात यंत्रणेतून आलेले धुळीचे कण. ऑगस्ट २०१७ मध्ये व्हर्गो लायगोबरोबर निरीक्षणात उतरला, तो आरसे पोलादी तारांवर टांगून. हवा भरण्या-काढण्याची व्यवस्था सुधारून सिलिकाचे धागे पुढच्या वर्षी परत बसले. हवा सोडायला अर्धा दिवस कशाला, असं कुणी विचारलं की मी हा किस्सा सांगते.

दार उघडताना, आणि आत जाणारी माणसं

दारावर दोन ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, असतात आणि त्यांच्यामधल्या पोकळीतही निर्वात असतो. चेंबर भरला, पण ही पोकळी भरायची राहिली, तर दार सुटत नाही. मग कुणीतरी पहार शोधायला लागतं. आधी पोकळी भरा.

दारासमोर फिरती क्लीनरूम, म्हणजे गाळलेल्या हवेची धूळविरहित खोली, आदल्या दिवसापासून चालू हवी. फरशी पुसलेली, दाराची कड पुसलेली. कण मोजणारं यंत्र बोल्टच्या उंचीवर धरा, छताजवळ नको. तिथे फिल्टरखालची हवा नेहमीच छान दिसते. क्लास १०० म्हणजे एका घनफुटात ०.५ मायक्रॉन किंवा त्याहून मोठे १०० पेक्षा जास्त कण नकोत. बोल्ट सोडताना आकडा वर उडतो. तो खाली येईपर्यंत थांबा, मगच दार हलवा. पर्ज हवा चालूच ठेवायची, म्हणजे प्रवाह आतून बाहेर राहतो.

सगळ्यात घाण गोष्ट म्हणजे आपण. अंगभर झाकणारा बनी सूट, डोक्यावर हूड, मास्क आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या, हे सगळीकडे शिकवतात. आपल्याकडे काही गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतील. ज्या दिवशी चेंबरमध्ये जायचं, त्या दिवशी डोक्याला तेल नाही. आदल्या रात्रीही नको. खोबरेल तेलाची वाफ हूडच्या कापडाने अडत नाही. पावडर, टिकली, अत्तर, बांगड्या, सगळं घरी. केसांचं सीरम आणि हाताची क्रीम यांच्यावर माझा जास्त राग आहे, कारण त्यांत बहुधा सिलिकोन असतं. ते एकदा पृष्ठभागावर पसरलं की काढणं महाकठीण, आणि लेझरखाली त्याचा थर जळून आरशावर बसतो. मंगळसूत्रावरून वाद होईल. होऊ द्या, गळ्यातलं लोंबणारं काहीही आत जाणार नाही.

हत्यारं धुतलेली, भट्टीत भाजलेली आणि तेलविरहित फॉइलमध्ये गुंडाळलेली हवीत. स्वयंपाकघरातलं फॉइल चालत नाही, त्यावर कारखान्यातल्या लाटण्याचं तेल राहिलेलं असतं. स्क्रू चांदीचा मुलामा दिलेले घ्या. स्टीलवर स्टील, दोन्ही स्वच्छ, मध्ये वंगण नाही, की आटे एकमेकांत रुतून बसतात आणि तो स्क्रू मग कापूनच काढावा लागतो. आत गेलेली प्रत्येक वस्तू वहीत लिहा, बाहेर येताना खूण करा. एक वॉशर जुळला नाही तर दार लागत नाही, मग कितीही वाजले असोत.

आरसा

चेंबरमध्ये डोकं घालायच्या आधी आरसा अर्थक्वेक स्टॉपवर, म्हणजे त्याला हलू न देणाऱ्या टेकूंवर, टेकवून स्थिर करा. चारी बाजूंनी थोडं थोडं, आळीपाळीने. एका बाजूने पूर्ण आवळाल तर ठोकळा तिरका होईल आणि धाग्यांवर ताण असमान पडेल.

आता दिवे घालवा आणि हिरवा टॉर्च आरशाच्या पृष्ठभागाला जवळपास समांतर धरा. समोरून प्रकाश टाकला तर आरसा स्वच्छच दिसतो. तिरप्या प्रकाशात एकेक कण ठिणगीसारखा उठून येतो. फोटो काढा, साफ करण्याआधी आणि नंतरही, कॅमेरा त्याच जागी ठेवून. फुंकर नाही, वाइपने पुसणं नाही. वाइपखाली आलेला कण ओरखडा काढतो आणि आरशावरचा परावर्तक थर पुन्हा देता येत नाही.

मोठ्या आरशासाठी फर्स्ट कॉन्टॅक्ट नावाचं पॉलिमर वापरतो. द्रव लावायचा, वाळू द्यायचा आणि साय काढतात तसा अख्खा पापुद्रा अलगद उतरवायचा. कण त्याच्याबरोबर येतात. गोम कडेला असते. कडेचा थर पातळ राहिला की तो फाटतो आणि तुकडे आरशावर राहतात. म्हणून कडेला जास्तीचा थर द्या आणि ओढायची पट्टी ओल्या थरातच नीट बसवा. शेजारी दुसरं काम चालू असेल तर पापुद्रा शेवटपर्यंत आरशावरच असू द्या, ते त्याचं पांघरूण आहे.

पापुद्रा ओढताना काचेवर विद्युतभार जमतो. तो राहिला तर आजूबाजूच्या विद्युतक्षेत्रांनी आरसा ढकलला जातो आणि निरीक्षणात गोंगाट दिसतो. म्हणून एकाने सावकाश ओढायचं आणि दुसऱ्याने सुटणाऱ्या रेषेवर आयनीभूत नायट्रोजनचा झोत धरायचा. हे एकट्याने करायचं काम नाही.

टॉर्चखाली दिसणारा प्रत्येक ठिपका मात्र निघेल असं समजू नका. काही दोष आरशाच्या परावर्तक थरातच असतात, काही मायक्रॉनचे. भुजेत काहीशे किलोवॉट प्रकाश फिरत असताना तेवढा ठिपका तापतो, तिथली काच नॅनोमीटरभर फुगते आणि प्रकाश वाटेबाहेर फेकला जातो. असे आरसे घासून सुधारत नाहीत, बदलावे लागतात.

बंद केल्यावर

ओ-रिंगवरून हातमोजा घातलेलं बोट एक फेरी फिरवा. केस डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. बोल्ट समोरासमोरचे घेत आवळा. हवा काढतानाही सुरुवात हळूच. आधी बहुतेक हवा काढणारा रफिंग पंप, मग वेगाने फिरणारा टर्बो, मग आयन पंप. टर्बो कायमचा चालू ठेवायचा नसतो, त्याची थरथर डिटेक्टरला ऐकू येते. निरीक्षण चालू असताना फक्त आयन पंप आणि द्रव नायट्रोजनचे क्रायोपंप काम करतात, ज्यांत काही फिरत नाही. चेंबर आणि नळी यांच्यामध्ये बसलेला हा क्रायोपंप पाणी गोठवून धरतो, नळीकडे जाऊ देत नाही.

त्याच्या बाहेरच्या पाइपाकडेही लक्ष असू द्या. २०१७ च्या उन्हाळ्यात हॅनफर्डला निरीक्षणात मध्येच खट-खट असे विचित्र ठसे येत होते. शोध घेतला तर क्रायोपंपाच्या वायू सोडणाऱ्या पाइपावर साचलेल्या बर्फाला तहानलेले डोमकावळे चोच मारत होते. पाइपावर आवरण घातलं, बर्फ साचेना, कावळे गेले. आमच्या पाइपाला कावळा शिवला, असं मी घरी फोनवर सांगितलं तर आईला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

आता थांबायचं. दाब उतरण्याचा वेग मंदावला की नवी मंडळी "लीक आहे" म्हणून हेलियमची बाटली आणायला धावतात (हेलियम बाहेरून जोडांवर सोडतात, गळतीतून आत शिरला तर तो डिटेक्टरला दिसतो). आधी वेळ आणि दाब यांचा आलेख काढा, दोन्ही अक्ष लॉगरिदमिक, म्हणजे दहापटीच्या पायऱ्यांचे. वेळ दहापट झाली की दाब साधारण दहापट उतरत असेल तर ते पाणी आहे, त्याला वेळच द्यावा लागतो. रेघ आडवी झाली तरच लीकचा संशय घ्या. मग आरजीएकडे जा, म्हणजे कुठला वायू किती हे वस्तुमानानुसार दाखवणाऱ्या यंत्राकडे. १८ आणि १७ या वस्तुमानांच्या रेघा उंच असतील तर पाणी. २८ आणि ३२ हवेतल्या प्रमाणात दिसले आणि सोबत ४० वर आर्गॉन असेल तर हवा आत येतेय. आयन पंप आर्गॉन नीट ओढत नाही, त्यामुळे तो साचत जातो आणि चोर सापडतो.

हेलियम मारायचंच असेल तर वरच्या जोडांपासून सुरू करा, कारण तो वर चढतो. एकेका जोडाला पिशवी बांधा. हेलियम डिटेक्टरचा काटा लगेच उसळला तर लीक. काही मिनिटांनी, हळूहळू चढत गेला तर तो ओ-रिंगच्या रबरातून झिरपलेला हेलियम आहे. तो जोड उघडू नका.

गेट व्हॉल्व्ह उघडण्याआधी आरजीएवर ४१, ४३, ५५ आणि ५७ बघा. ही तेलाची वस्तुमानं. ती ठरलेल्या मर्यादेत नसतील तर दाब कितीही छान असला तरी व्हॉल्व्ह बंदच राहील, आणि चौकशी हत्यारांच्या वहीपासून सुरू होईल. असतील, तर आलेख नोंदवहीत चिकटवा, दोन्ही बाजूंचे दाब आणि वेळ लिहा, आणि कंट्रोल रूमला कळवून व्हॉल्व्ह उघडा.