नॅक्सॉसला पाण्यात उतरायचंय? आधी वारा बघा

कोकणात समुद्रात उतरण्याआधी आपण भरती-ओहोटीची वेळ विचारतो. ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावर ते विचारून उपयोग नाही, एजियन समुद्राचं पाणी भरतीला जेमतेम वीतभर चढतं. तिथे चौकशी करायची ती वाऱ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो, तोही लख्ख उन्हात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना. बहुतेकदा सकाळी जरा शांत असतो, दुपारी जोर धरतो, आणि एकदा लागला की दिवसचे दिवस हटत नाही.

बहीण अथेन्सला असल्यामुळे आमचा गोतावळा बोटीने नॅक्सॉसला जातो. तिथे माझा नियम एकच: पाण्यातले खेळ अकराच्या आत. भाचरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

लोक फसतात ते कुठे, सांगते. आगिओस प्रोकोपिओस, प्लाका हे नावाजलेले किनारे बेटाच्या पश्चिमेला आहेत. मेल्टेमी तिथे बऱ्याचदा जमिनीवरून समुद्राकडे तिरका वाहतो. त्यामुळे काठाशी लाटच नसते, पाणी सपाट दिसतं आणि नवखा माणूस खूश होतो. मूठभर कोरडी वाळू कमरेच्या उंचीवरून सोडून बघा. ती पाण्याकडे उडाली, किंवा लांबवर पांढरे तुरे दिसले, तर हवेच्या गाद्या, रिंगा आणि तो गुलाबी फ्लेमिंगो मुकाट्याने परत गाडीत. त्यातूनही एखादी रिंग वाहून गेलीच तर जाऊ दे. तिच्यामागे पोहत जायचं नाही. ती तुमच्यापेक्षा वेगात जाते, आणि समोर थेट पारोस बेट आहे.

पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) घेतलात तर दोरी पायाला बांधलेलीच हवी. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे हात दमल्यावर परतताना वारा पाठीशी येतो. अचानक जोर वाढला तर उभं राहू नका, अंगच शिडासारखं वारा धरतं. गुडघ्यावर बसा, नाहीतर पालथे पडून हातांनी वल्हवा. बोर्ड मात्र सोडायचा नाही, काहीही झालं तरी. लाइफ जॅकेट घालून झालं की कुणाला तरी ते खांद्यांपाशी वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर लहान मापाचं मागा, लाजू नका.

टाकीत पोहायला शिकलेल्यांनी किनाऱ्याला समांतर पोहावं, पाय टेकतील इतक्याच पाण्यात. बोयांच्या रांगेपलीकडे मोटरबोटी फिरतात. सुती सलवार-कुर्ता भिजला की पायात गुंडाळतो. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा पोशाख घ्या, उन्हातही उपयोगी पडतो.

खडकांवर काळे समुद्री साळिंदर टाचण्यांच्या उशीसारखे चिकटलेले असतात, तेव्हा पायात रबरी बूट हवेतच. वाळूत लपलेला विषारी काट्यांचा मासा टोचला तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास तरी बुडवून ठेवायचा. कळ त्यानेच उतरते, बर्फाने नाही. गरम पाणी जवळच्या टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या खाणावळीत मागा. धाप लागली किंवा तोंड सुजलं तर मात्र थांबू नका, लगेच मदत मागवा.

मदतीसाठी 112, तटरक्षक दलासाठी 108. फोनवर नुसतं ‘प्लाका बीच’ म्हणू नका, तो किनारा चारेक किलोमीटर लांब आहे. समोरच्या टॅव्हर्नाची पाटी वाचून नाव सांगा.