वेतन करार कसा करावा: एकूण आकडा नंतर, फोड आधी

वाळूज असो, शेंद्रा असो की जालन्याची एमआयडीसी, करार झाला की गेटवर गुलाल उडतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'कामगारांना 12 हजारांची घसघशीत वाढ' असं छापून येतं. पुढच्या पगाराला स्लिप हातात पडली की चेहरे उतरतात. म्हणून युनियनच्या कमिटीत पहिल्यांदाच निवडून आलेल्यांसाठी हे लिहितोय. साखर कारखान्यातल्या मंडळींनी हे सोडून द्यावं, त्यांचा करार राज्यपातळीवर सरकार, कारखानदार आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय समितीत होतो.

मागणीपत्र. जुन्या कराराची मुदत संपायच्या आधी द्या, पोच घ्या. मुदत संपली म्हणून जुना करार आपोआप संपत नाही. तो संपुष्टात आणायची लेखी नोटीस द्यावी लागते आणि तोवर जुन्याच अटी चालतात. चाळीस मागण्या लिहू नका. दहा पुरे.

माहिती. प्रत्येक ग्रेडच्या दोन-दोन पगार स्लिपा आणि शेजारच्या दोन-तीन कंपन्यांचे करार गोळा करा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा आकडा म्हणजे करार नव्हे, परिशिष्टासकट प्रत मागा.

फोड. सगळा खेळ इथे आहे. मला स्वतःला हे नीट उमगायला एक अख्खा करार लागला.

पहिला प्रश्न असा विचारा: वाढ ग्रॉसवर की सीटीसीवर? ग्रॉस म्हणजे कपातीआधीचा पगार, सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. समजा तीन वर्षांत महिन्याला 12,000 ठरले आणि त्यातले 6,000 मूळ पगार व महागाई भत्त्यात गेले. आकडा सीटीसीचा असेल तर त्या 6,000 वरचा कंपनीचा 12 टक्के पीएफ, म्हणजे 720 रुपये, आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) 4.81 टक्के तरतूद, म्हणजे साधारण 289, याच 12,000 मधून जातात. उरले 10,991. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी 720. बोनस आणि मेडिक्लेमचा हप्ताही त्यातच धरला असेल तर अजून खाली या. शिवाय 12,000 एकदम येत नाहीत. आपल्याकडे बहुतेक 50-25-25 चालतं, म्हणजे पहिल्या वर्षी 6,000, पुढं तीन-तीन हजार.

दुसरा प्रश्न, किती रक्कम बेसिक-डीएमध्ये (मूळ पगार आणि महागाई भत्त्यात) आणि किती इतर भत्त्यांत? गेट मीटिंगमध्ये हमखास कुणीतरी उठतो, 'भाऊ, बेसिक-बिसिक राहू द्या, हातात किती यायलेत ते सांगा.' त्याला तिथंच हिशोब करून दाखवा. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते, दर वर्षाच्या नोकरीला 15 भागिले 26 या हिशोबानं, म्हणजे महिना 26 दिवसांचा धरून 15 दिवसांचा पगार. बेसिक-डीएमध्ये 2,000 ऐवजी 6,000 घातले, तर 20 वर्षं झालेल्या माणसाला त्या जादा 4,000 मुळं सुमारे 46,150 रुपये जास्त मिळतात, आणि मागची सगळी वर्षं त्यात फुकटात वर येतात. हातात थोडं कमी पडलं तरी बेसिकच वाढवून घ्या. तरुण पोरं कुरकुर करतील, करू द्या.

एक मेख आहे. काही कंपन्या पीएफ 15,000 च्या मर्यादेवरच भरतात. तिथं बेसिक वाढून पीएफ हलत नाही. म्हणून 'प्रत्यक्ष मूळ पगार अधिक महागाई भत्ता यावर' हे शब्द करारात हवेतच. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी मूळ पगारात धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्येच सांगितलंय. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच मोजला जातो. एचआर 'आमची पद्धतच तशी आहे' म्हणालं, की हे दोन्ही समोर ठेवा.

तिसरं, एक्सेलचा शेवटचा रकाना. एका कंपनीच्या तक्त्यात 'इतर लाभ 1,850' असं बारीक अक्षरात होतं. खोदून विचारलं तेव्हा निघालं काय, तर कॅन्टीनचं अनुदान, बसचं भाडं आणि गणवेश! तिन्ही गोष्टी कामगारांना वर्षानुवर्षं मिळतच होत्या, त्यांचीच बेरीज 'वाढ' म्हणून दाखवलेली. 'इतर' असं लिहिलेल्या कुठल्याही रकान्यावर सही करू नका.

आणि ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा. वेतन 21,000 च्या वर गेलं की चालू अंशदान काळ संपल्यावर त्याची वर्गणी थांबते आणि पुढं कार्डही बंद होतं. तो काळ एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च असा असतो. त्या तारखेपासून आई-वडिलांसकट मेडिक्लेम सुरू, असं कलम नसेल तर वाढ दवाखान्यातच जाईल.

अर्धवेळ कामगार. यांना बहुतेक कमिट्या विसरतात. कॅन्टीनमधल्या मावशी, माळी, चार तासांची नर्स, डिस्पॅचची डेटा एंट्री. 'पार्ट टाइमवाल्यांचं नंतर बघू' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चिडच येते. नंतर कुणी बघत नाही. त्यांचा तक्ता त्याच परिशिष्टात घ्या.

पूर्णवेळचा पगार भागिले दोन, हा हिशोब मान्य करू नका. महाराष्ट्राच्या किमान वेतन अधिसूचनांमध्ये अर्धवेळसाठी तासाचा दर रोजच्या दराला कामाच्या तासांनी भागून, वर 15 टक्के वाढवून काढतात. समजा रोज 520 रुपये. आठ तासांनी भागले की 65, त्यावर 15 टक्के म्हणजे 74.75. चार तासांचे 299 होतात, 260 नाही. हा किमान वेतनाचा नियम. करारातला दर याच सूत्रानं मागा, आणि किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो हे लक्षात ठेवा.

पीएफ आणि ईएसआयसी अर्धवेळ म्हणून टळत नाहीत. वर्षात 30 दिवस काम झालं आणि वेतन 21,000 च्या आत असलं की बोनसही लागू, किमान 8.33 टक्के. रजा तासांच्या प्रमाणात, हे ठीक. पण मेडिक्लेम आणि अपघात विमा प्रमाणात घेऊ नका, चार तास काम करणाऱ्याला ताप काही अर्धा येत नाही. पूर्णवेळ जागा निघाली की आधी यांना विचारायचं, हेही लिहून घ्या. ठरावीक मुदतीवरच्या कामगारांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनं एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी दिली आहे. त्यांच्या नियुक्तिपत्रात मुदत 11 महिन्यांची टाकली आहे का, ते तपासा.

फरक. मागची थकबाकी 'एकरकमी बक्षीस' म्हणून घेऊ नका, त्यावर पीएफ बसत नाही. 'वेतनातील फरक' असंच लिहा.

सही. शक्यतो कामगार उपायुक्त कार्यालयात, समेट अधिकाऱ्यासमोर. तसा करार युनियनबाहेरच्या कामगारांनाही लागू होतो. आपसात केलेला फक्त सही करणाऱ्या बाजूंपुरता राहतो.

सही आणि गुलालाच्या मध्ये एक रात्र ठेवा आणि प्रत्येक ग्रेडच्या एकेका माणसाची नवी स्लिप एचआरकडून छापून घ्या, अर्धवेळवाल्यांचीही. फरक जमा झाला की महिन्याभरानं पीएफचं पासबुक उघडून त्यावरचं अंशदान पडलंय का बघा. नसेल तर त्याच आठवड्यात लेखी पत्र द्या.